पोर्ट 631: कप्समधल्या चार त्रुटींची साखळी आणि तिची दुरुस्ती

23 सप्टेंबर 2024 रोजी एक्सवर एक पोस्ट पडली आणि लिनक्स सांभाळणाऱ्यांचे फोन वाजू लागले. आशय असा: सगळ्या जीएनयू-लिनक्स मशिनवर, आणि इतरही काहींवर, दुरून आणि पासवर्डशिवाय हवी ती आज्ञा चालवता येते. कळवून तीन आठवडे झाले. सीव्हीई क्रमांक, म्हणजे त्रुटीचा अधिकृत नोंदणी क्रमांक, अजून मिळालेला नाही, दुरुस्तीचा चालणारा पॅचही नाही. उबुंटू बनवणारी कॅनॉनिकल आणि रेड हॅट या लिनक्स कंपन्यांनी गांभीर्य मान्य केलंय, दहापैकी 9.9. लिहिणारा होता सिमोने मार्गारितेल्ली, बेटरकॅप हे नेटवर्क तपासणीचं साधन लिहिणारा इटालियन संशोधक. उगाच आरडाओरडा करणारा म्हणून सोडून द्यावा असा माणूस नव्हे.

नेमकं कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये, हे मात्र त्याने सांगितलं नव्हतं. तीन दिवस सगळे तर्क लढवत बसले. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, असेल का? दुरून लॉगिन करण्याचं ओपनएसएसएच? 26 तारखेला उत्तर आलं: प्रिंटर. अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, काहींनी थट्टा केली. माझ्या मते 9.9 हा आकडा जितका फसवा होता, तितकीच ती थट्टाही अस्थानी होती.

कोण ऐकतंय?

मार्गारितेल्लीने नव्या लॅपटॉपवर उबुंटू 24.04 टाकलं होतं. मशीन हातात आलं की आधी कोणते पोर्ट, म्हणजे नेटवर्कची क्रमांक दिलेली दारं, उघडे आहेत ते बघायचं, अशी खोड असलेल्या माणसांपैकी तो एक. यादीत यूडीपी 631 दिसलं आणि त्यापुढे पत्त्याच्या जागी चार शून्यं. म्हणजे हा कुणीतरी मशीनपुरता मर्यादित न राहता वायफाय, केबल, मोबाइल टेदरिंग, जे जे जोडलेलं असेल त्या सगळ्यावर कान लावून बसला होता.

631 हा आकडा प्रिंटरशी झटापट केलेल्यांना पाठ असतो. लिनक्सवरची छपाईची यंत्रणा म्हणजे कप्स, आणि ती टीसीपी 631 वर चालते (टीसीपी आणि यूडीपी या नेटवर्कवर माहिती पाठवण्याच्या दोन वेगळ्या पद्धती). पण नव्याने बसवलेल्या लॅपटॉपवर ती स्वतःच्या मशीनपलीकडे कुणाला दार उघडत नाही. यूडीपी 631 वर बसलेला प्रोग्राम वेगळाच होता, कप्स-ब्राउझ्ड. नेटवर्कवरचे प्रिंटर हुडकायचे आणि वापरणाऱ्याच्या यादीत आपोआप आणून ठेवायचे, एवढंच त्याचं काम.

ही सोय जुनी आहे. मायकल स्वीट यांचं कप्स 1990 च्या दशकाच्या अखेरीस आलं. तेव्हा ऑफिसातला प्रिंट सर्व्हर थोड्या थोड्या वेळाने नेटवर्कभर पुकारा करायचा की माझ्याकडे अमुक प्रिंटर आहे, पत्ता हा. बाकीची मशिनं ऐकायची आणि प्रिंटर यादीत घालायची. पुकारणारा कोण, याची चौकशी नाही. लॅनवर आहे म्हणजे आपलाच, असा सरळ हिशेब होता, आणि त्या काळी तो बऱ्यापैकी खराही होता. पुढे नेटवर्कवरच्या सेवा शोधण्याची डीएनएस-एसडी ही नवी पद्धत रुळली आणि 2012 साली कप्स 1.6 मधून हा जुना पुकारा काढून टाकला गेला. पण लिनक्सच्या जगात जुने सर्व्हर चालूच होते. मग लिनक्सची छपाई सांभाळणाऱ्या ओपनप्रिंटिंग प्रकल्पाच्या मंडळींनी ती सोय कप्स-ब्राउझ्डमध्ये जिवंत ठेवली, आणि मूळ सेटिंगमध्ये नव्या पद्धतीसोबत जुनीही चालू ठेवली. मुख्य सॉफ्टवेअरने टाकून दिलेली गोष्ट शेजारच्या प्रोग्राममध्ये बारा वर्षं तशीच नांदत होती.

एक पाकीट, एक अवतरणचिन्ह

जुन्या पद्धतीच्या पाकिटात सुरुवातीला तीन गोष्टी असतात: प्रिंटरचा प्रकार सांगणारा आकडा, त्याची स्थिती सांगणारा आकडा, आणि वेब पत्ता. शून्य, तीन, आणि पुढे हल्लेखोराच्या सर्व्हरचा पत्ता. एवढंच लिहिलेलं एक यूडीपी पाकीट 631 वर टाकलं की कप्स-ब्राउझ्ड मुकाट्याने त्या पत्त्यावर जाऊन विचारतो, बाबा रे, तू कसला प्रिंटर, तुझे गुणधर्म सांग. जाताना स्वतःच्या कप्सची आणि कर्नलची आवृत्तीही सांगून टाकतो. ही पहिली त्रुटी, सीव्हीई-2024-47176. नुसत्या एवढ्यानेही हल्लेखोराला दोन गोष्टी कळतात: मशीन कोणतं आहे, आणि ते सांगेल तिथे जातं.

आता समोरचा खोटा प्रिंटर उत्तर देतो. प्रिंटरशी बोलण्याच्या आयपीपी या नियमानुसार गुणधर्मांची लांबलचक यादी असते: नाव, मॉडेल, कागदाचे आकार, रंग आहे की नाही, दोन्ही बाजूंनी छापतो का. लिबकप्सफिल्टर्स ही लायब्ररी ती यादी जशी आली तशी पुढे देते, तपासत नाही. ही दुसरी, 47076. मग लिबपीपीडी त्या यादीतून पीपीडी, म्हणजे प्रिंटरचं वर्णन करणारी फाइल, बनवते, आणि तीही न तपासता. ही तिसरी, 47175.

साखळीचा खरा सांधा या तिसऱ्या पायरीवर आहे. पीपीडी ही पोस्टस्क्रिप्टच्या जमान्यातली साधी मजकुराची फाइल. प्रत्येक ओळीत तारांकित नाव, मग अपूर्णविराम, मग दुहेरी अवतरणात किंमत. प्रिंटरच्या गुणधर्मांत एक रकाना असतो गोपनीयता धोरणाच्या पत्त्याचा. प्रिंटर कंपनीचं धोरण कुठल्या पानावर वाचायला मिळेल, एवढंच तिथे लिहायचं असतं. लिबपीपीडी तो पत्ता उचलून अवतरणात घालते आणि ओळ संपवते.

पण पत्त्यातच अवतरणचिन्ह असेल तर? हल्लेखोर तिथे एक दिखाऊ पत्ता लिहितो, त्याच्याच पोटात अवतरण बंद करतो, नवी ओळ सुरू करतो आणि पुढे स्वतःच्या दोन ओळी घालतो. लिबपीपीडीला वाटतं आपण एक रकाना भरला. फाइलमध्ये मात्र तीन ओळी उतरलेल्या असतात. वेब फॉर्ममधून डेटाबेसची क्वेरी फोडण्याचा एसक्यूएल इंजेक्शनचा जुना प्रकार ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे दुरूनही ओळखू येईल. फक्त हा 2024 साली, प्रिंटरच्या गोपनीयता धोरणातून.

त्या दोन ओळी कसल्या? कप्समध्ये छपाईचं काम फिल्टर नावाच्या छोट्या प्रोग्राममधून जातं. पीपीडी सांगते कोणता फिल्टर वापरायचा. हल्लेखोर स्वतःचा फिल्टर घुसवू शकत नाही, कारण ठरावीक फोल्डरमधलेच चालतात. पण त्याच फोल्डरमध्ये फूमॅटिक-रिप नावाचा एक फिल्टर आहे, आणि त्याचं कामच मुळी पीपीडीत लिहिलेली कमांड शेलमध्ये चालवणं हे आहे. ही चौथी, 47177. म्हणजे पहिल्या ओळीत चालवायची कमांड, दुसऱ्या ओळीत हा फिल्टर वापर असा हुकूम. कुणी त्या प्रिंटरवर प्रिंट काढली की कमांड चालली, एलपी या वापरकर्त्याच्या नावाने.

चारही टप्पे सुटे बघितले तर प्रत्येकाच्या बाजूने बोलता येतं. फूमॅटिक-रिप म्हणेल, पीपीडी विश्वासाचीच असते, ती अ‍ॅडमिनने ठेवलेली. लिबपीपीडी म्हणेल, गुणधर्म लायब्ररीने दिले. लायब्ररी म्हणेल, पत्ता ब्राउझ्डने दिला. सरकारी फाइलवर चार टेबलांवरच्या चार सह्या असाव्यात आणि प्रत्येकाने ‘खालच्याने पाहिलंच असेल’ म्हणून मारलेली असावी, तसा हा मामला.

फूमॅटिक-रिपवर तर 2011 सालीच कमांड घुसवण्याबद्दल सीव्हीई निघाले होते. मार्गारितेल्लीला तो जुना संदर्भ शोधायला फार लांब जावं लागलं नाही.

9.9 का नव्हे

हा आकडा पाहून लोकांना 2014 सालची ओपनएसएसएलमधली कुप्रसिद्ध त्रुटी हार्टब्लीड आठवली. पण हार्टब्लीडला वापरणाऱ्याची मदत लागत नव्हती. इथे शेवटचा घाव बसण्यासाठी कुणीतरी त्या खोट्या प्रिंटरवर छापायला हवं. डेटा सेंटरमधल्या वेब सर्व्हरवर बसून कुणी प्रिंट काढत नाही. कमांडही रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला वापरकर्ता, म्हणून चालत नाही. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्समध्ये कप्स-ब्राउझ्ड मुळात चालूच नसतो. तपशील बाहेर आल्यावर रेड हॅटने या त्रुटींना सर्वात वरची पायरी न देता त्याखालची, ‘महत्त्वाची’ ही दिली. ते रास्तच होतं.

तरी ‘छपाई करायला हवी’ ही अट वाटते तितकी कडक नाही. मार्गारितेल्लीच्याच म्हणण्यानुसार नवा प्रिंटर घालण्याऐवजी आधीच्या प्रिंटरचा पत्ता गुपचूप बदलता येतो. ऑफिसात रोज ज्या नावावर क्लिक करता, तेच नाव, तोच प्रिंटर, पत्ता मात्र दुसऱ्याचा. मग वापरणाऱ्याने काय ओळखायचं? दुसरं म्हणजे पहिल्या टप्प्याला इंटरनेटवरून पाकीट यावं लागतं आणि ब्रॉडबँड राउटरच्या आडोशामुळे घरातली बहुतेक मशिनं सुटतात, हे खरं. पण कॉलेजचं वसतिगृह, को-वर्किंगची जागा, शंभर मशिनांची सपाट लॅन असलेलं ऑफिस, इथे हल्लेखोर आडोशाच्या आतच असू शकतो. लॅनच्या आत तर डीएनएस-एसडीची खोटी जाहिरात करूनही तीच साखळी पुढे नेता येत होती. म्हणून फक्त यूडीपी 631 बंद करून हात झटकणाऱ्यांचं काम अर्धंच झालं होतं.

आणि छपाईची अट मुळीच न लागणारा एक त्रास पाठोपाठ निघाला. 1 ऑक्टोबरला अकामाई या इंटरनेट कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं की कुणी प्रिंट काढो न काढो, ब्राउझ्डला कुठेही धाडता येतं हेच पुरेसं आहे. पाकिटात हल्लेखोराऐवजी बळीचा पत्ता घाला, शिवाय पत्ता लांबवून त्यात भर टाका. मग हजारो मशिनं त्या बळीवर विनंत्यांचा भडिमार करतील. इंटरनेटवर थेट पोहोचता येतील अशी 1,98,000 हून अधिक असुरक्षित मशिनं त्यांना आढळली, आणि त्यातली 58,000 हून जास्त या कामी वापरता येण्यासारखी होती. काही मशिनं तर एका पाकिटाने अशी चेकाळली की थांबायलाच तयार नव्हती, विनंत्या पाठवतच राहिली. प्रिंटरची थट्टा करणाऱ्यांनी हा भाग वाचायला हवा होता.

बातमी फुटते

ठरलेला बेत असा होता की आधी वितरणांच्या सुरक्षा चमूंना सवड द्यायची आणि 6 ऑक्टोबरला सगळं जाहीर करायचं. प्रत्यक्षात सर्ट-सीसी या सुरक्षा संस्थेच्या व्हिन्स या समन्वय-प्रणालीत दाखल केलेला अहवाल बाहेर फुटला. मग 26 सप्टेंबरला मार्गारितेल्लीने सगळं लिहून टाकलं, चालणाऱ्या प्रात्यक्षिकासकट.

त्याच्या लिखाणात रागही भरपूर होता. हे काही फार मोठं नाही, हे तर असंच चालतं, असं आठवडे न् आठवडे ऐकावं लागल्याचा. त्याची चिडचिड समजते. पण तीन दिवस आधी ‘सगळ्या लिनक्सवर’ अशी दवंडी पिटून त्याने ज्यांच्याकडून दुरुस्ती हवी त्यांच्यावरच दडपण वाढवलं, हेही खरं. ओपनप्रिंटिंग हा काही शेकड्याने पगारी माणसं असलेला विभाग नव्हे. टिल काम्पेटर आणि थोडे लोक, बाकी स्वयंसेवक, दर उन्हाळ्यात गूगलच्या समर ऑफ कोड या उपक्रमातून येणारी पोरं. जगभरच्या लिनक्सची छपाई एवढ्यांच्या खांद्यावर आहे.

दुरुस्ती कुठे झाली

उबुंटूचे पॅच 26 सप्टेंबरलाच येऊ लागले, आणि त्यांची कहाणी मला या प्रकरणातली सर्वात शिकण्यासारखी वाटते. कप्स-ब्राउझ्डच्या पहिल्या पॅचने जुनी पुकाऱ्याची पद्धत निष्क्रिय केली. काही दिवसांनी त्याच सुरक्षा-सूचनेची दुसरी आवृत्ती निघाली आणि त्या पद्धतीचा आधार पूर्णपणे काढून टाकला गेला. सेटिंग बदलणं आणि कोड काढणं यात केवढं अंतर असतं, हे जुनी मशिनं सांभाळणाऱ्याला सांगायला नको. वर्षांपूर्वी कुणीतरी हाताने बदललेली सेटिंग फाइल असते, तो माणूस नोकरी सोडून गेलेला असतो, आणि अपडेट येताना सिस्टम नम्रपणे तीच जुनी फाइल कायम ठेवते. जो कोडच उरला नाही, तो कुणाच्या जुन्या फाइलमुळे पुन्हा चालू होत नाही. ओपनप्रिंटिंगनेही पुढच्या कप्स-ब्राउझ्ड 2.1.0 मधून ही पद्धत काढली.

लिबकप्सफिल्टर्स आणि लिबपीपीडी यांत मात्र काढून टाकण्यासारखं काही नव्हतं, तिथे तपासणी आली. आलेले गुणधर्म नियमात बसतात का ते आधी बघायचं, आणि पीपीडीत लिहिताना अवतरण किंवा नवी ओळ आत शिरू द्यायची नाही. कप्समध्येही पीपीडी बनवणारा तसाच कोड आहे, त्यालाही तोच उपचार मिळाला. लॅनवरच्या डीएनएस-एसडीच्या वाटेने येणारा खोटा प्रिंटर थांबतो तो या तपासणीमुळे. म्हणून एक पॅकेज अपडेट करून बाकीची ‘नंतर बघू’ असं इथे चालत नाही.

चौथ्या त्रुटीचं काय? फूमॅटिक-रिपला लगेच हात लावला गेला नाही. तो त्याला सांगितलेलंच काम करत होता, आणि ते काम बंद करता येत नव्हतं. 2010 च्या आधीची शेकडो प्रिंटर मॉडेलं लिनक्सवर फूमॅटिकच्या भरवशावरच छापतात. आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर एचपी लेझरजेट 1020 घ्या. सीएच्या ऑफिसात, झेरॉक्सच्या दुकानात, शाळेच्या कारकुनाच्या टेबलावर हा पांढरा डबा अजून मुकाट राबतोय. चालू केल्यावर दर वेळी कंप्युटरकडून फर्मवेअर चढवून घ्यावं लागतं, इतकं त्याचं डोकं स्वतःचं नाही. लिनक्सवर तो फू-टू-झेडजेएस या ड्रायव्हरने चालवला, तर त्याच्या पीपीडीत तीच फूमॅटिकच्या कमांडची ओळ असते, पूर्णपणे कायदेशीर. ती ओळ बंद केली तर हल्लेखोराबरोबर कारकूनही अडतो.

आपल्या मशीनवर

आधी सर्व्हर. ज्या सर्व्हरवरून छपाई होतच नाही, तिथे कप्स-ब्राउझ्ड ठेवण्याचं काहीही कारण नाही, पॅकेजच काढा. आढळतो तो बहुतेक वेळा कुठल्यातरी डेस्कटॉप पॅकेजच्या शेपटीला धरून आलेला असतो. काढता येत नसेल तर सर्व्हिस नुसती थांबवू नका. थांबवलेली सर्व्हिस रीबूटनंतर पुन्हा उभी राहते. सर्व्हिस चालवणाऱ्या सिस्टमडीमध्ये ती मास्क करा, म्हणजे ती सुरूच होऊ शकत नाही.

फायरवॉलचं काम करताना घाईत होणारा एक घोटाळा आहे: 631 बंद करायचं म्हणून यूडीपी आणि टीसीपी दोन्ही बंद केली जातात. डेस्कटॉपवर याने काही बिघडत नाही. पण ज्या मशीनवर खरंच प्रिंट सर्व्हर चालतो, तिथे टीसीपी 631 बंद केलं की अख्ख्या ऑफिसची छपाई ठप्प. मग अकाउंट्समधून फोन येतो, कुणीतरी वैतागून सगळेच नियम उडवतो, आणि पुन्हा पाढे पंचावन्न. बाहेरून येणारं यूडीपी 631 बंद, टीसीपी 631 फक्त ऑफिसच्या आतल्या पत्त्यांना उघडं, एवढं पुरतं.

ब्राउझ्ड बंद केल्यावर प्रिंटर गायब होतील ही भीती बऱ्याच जणांना असते. सर्व्हरचा पत्ता हाताने घातलेल्या रांगा कुठेही जात नाहीत. शिवाय गेल्या काही वर्षांतले नेटवर्क प्रिंटर आयपीपीवर स्वतःहून ओळख देतात आणि कप्स त्यांच्यासाठी तात्पुरती रांग आपणच बनवतं. अडतात ते जुन्या पुकाऱ्यावर अवलंबून असलेले, आणि तसा सर्व्हर अजून चालू असेल तर तोच बदलायची वेळ कधीच होऊन गेली आहे.

पॅच टाकल्यावर कप्स आणि ब्राउझ्ड दोन्ही पुन्हा सुरू करा, आणि मग मागे वळून बघा. प्रिंटरच्या यादीत अनोळखी नाव आहे का, आणि ओळखीच्या नावामागचा पत्ता ओळखीचाच आहे का. नाव नव्हे, पत्ता. इटीसीमधल्या कप्सच्या फोल्डरात पीपीडी फाइली असतात. त्यात फूमॅटिकच्या कमांडची ओळ शोधा. सापडली म्हणून दचकू नका, 1020 सारखा प्रिंटर असेल तर ती असणारच. पण ऑफिसात एकही जुना प्रिंटर नसताना ती सापडली, किंवा कमांडमध्ये ड्रायव्हरऐवजी डाउनलोड करणारं काही दिसलं, तर ते मशीन नेटवर्कवरून काढून मगच पुढचा विचार करा.

फूमॅटिकवरही पुढे उपाय आला. मशीनवर आधीपासून असलेल्या ड्रायव्हरमधल्या कमांड गोळा करून त्यांचे हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेले गणिती ठसे, एका यादीत ठेवायचे, आणि यादीत नसलेली कमांड फूमॅटिक-रिपने चालवायचीच नाही. यासाठीचं साधन म्हणजे फूमॅटिक-हॅश. म्हणजे 1020 चालतो, गोपनीयता धोरणातून घुसलेली ओळ चालत नाही. एक काम मात्र अ‍ॅडमिनवर येतं. ड्रायव्हर बाहेरून आणून टाकला असेल तर त्यातली कमांड आधी स्वतः वाचायची आणि मगच तिचा हॅश यादीत घालायचा. कप्स 3 मध्ये तर पीपीडीच राहणार नाहीत. जुन्या प्रिंटरसाठी वेगळे प्रिंटर अ‍ॅप्लिकेशन असतील आणि ते कप्सशी आयपीपीतच बोलतील. तोवर 1020 वाल्या प्रत्येक लिनक्स मशीनवर ही हॅशची यादी कुणीतरी नीट ठेवायला हवी.